चित्रकार आडोल्फ मेंत्सेल

मनुष्याच्या सर्व इंद्रियांत डोळा हा सर्वांत अधिक कामाचा, आणि बहुधा तोच सर्वांत अधिक आळशी. जें रोज समोर असतें तें त्याला दिसेनासें होतें. ज्या दुकानावरून आपण शाळेस जातांना शेंकडों वेळां गेलों, तेथील दुकानदार तागडी कोणत्या हातांत धरतो, असें कोणीं विचारिलें तर आपणांपैकीं बहुतेकांस सांगतां यावयाचें नाहीं. या आळसाला ज्यानें उभ्या आयुष्यांत थारा दिला नाहीं, अशा एका पुरुषाचें चरित्र आम्ही यंदां वाचकांपुढें ठेवीत आहों. जर्मनीमध्यें त्याचें नांव लहानथोरांस ठाऊक आहे. आपल्याकडे तें क्वचितच कानीं पडतें. परंतु त्याच्या आयुष्यक्रमांत विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या आईबापांनींही विचार करण्याजोगें पुष्कळ आहे, असें आम्हांस वाटतें.

ता. 8 डिसेंबर 1815 रोजीं ब्रेस्लाव शहरीं आडोल्फ मेंत्सेलचा जन्म झाला. हें शहर त्या वेळीं प्रशियाच्या राज्यांत होतें. आतां तें पोलंडांत असून व्रोत्स्वाफ या नांवानें ओळखलें जातें. त्याचे वडील प्रथम मुलींची शाळा चालवीत. पुढें ती सोडून त्यांनीं शिळाछापखाना काढिला. शिळाछाप म्हणजे काय, हें ज्यांनीं आपल्याकडील जुन्या छापील पोथ्या पाहिल्या आहेत त्यांस ठाऊकच असेल. गुळगुळीत केलेल्या दगडावर तेलकट शाईनें अक्षर किंवा चित्र काढावयाचें, दगड पाण्यानें ओला करावयाचा, आणि मग त्यावर शाईचा रूळ फिरवावयाचा. ओला दगड शाई धरीत नाहीं; तेलकट रेघ तेवढी धरते. वर कागद दाबला कीं ती रेघ कागदावर उमटते, पण उलटी. म्हणून दगडावर सर्व कांहीं उलटें काढण्याची संवय असावी लागते, आणि एकदां ओढलेली रेघ सहजासहजीं पुसतां येत नाहीं. पोरवयांत आडोल्फचा हात या कठीण दगडावर बसला. पुढें त्याची रेघ इतकी निश्चित कां झाली, याचें उत्तर बरेंचसें या छापखान्यांत आहे.

मुलाच्या अंगीं असलेला गुण ओळखून 1830 साली वडिलांनीं सर्व बिऱ्हाड बर्लिन येथें हलविलें. परंतु दोन वर्षेंही पुरीं झालीं नाहींत तोंच, 1832 च्या आरंभीं, ते वारले. घरांत आई, धाकटी बहीण एमिली आणि त्याहूनही धाकटा भाऊ रिकार्ड. आडोल्फ सोळा वर्षांचा. कुटुंबाचा सगळा भार त्याच्यावर येऊन पडला. त्यानें छापखाना पुढें चालविला. निमंत्रणपत्रिका, दुकानदारांच्या पत्रांचे मथळे, लहानसान वेलबुट्टी, जें काम येईल तें तो करूं लागला. 1833 मध्यें तो बर्लिनच्या कलाशाळेंत गेला खरा. पण तेथें जुन्या पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून त्यांच्याच नकला करावयास लावीत. थोड्याच काळांत त्यानें ती शाळा सोडिली. शाळा सोडणें हें कांहीं आम्ही अनुकरणीय म्हणून सांगत नाहीं. त्यानें शाळा सोडली, पण शिक्षण सोडलें नाहीं, एवढेंच येथें ध्यानांत घ्यावयाचें. कलाशाळेंतील पुतळ्याऐवजीं रस्त्यावरचा मनुष्य त्याचा गुरु झाला.

येथें त्याच्या शरीराविषयीं सांगणें अवश्य आहे. पूर्ण वाढ झाल्यावरही त्याची उंची सुमारें साडेचार फूटच होती, आणि शरीराच्या मानानें डोकें मोठें होतें. लष्करी नोकरीला तो अपात्र ठरला. प्रशियाच्या त्या राज्यांत उंच व धिप्पाड शिपायाला मोठा मान असे. अशा शहरांत एवढासा मनुष्य रस्त्यानें चालूं लागला म्हणजे लोक वळून पाहत, आणि पोरें हंसत. शरीरांत असें कांहीं न्यून असलें म्हणजे बहुतेक माणसें एकतर घरांत दडून बसतात, नाहीं तर जगावर दांतओठ खात राहतात. मेंत्सेलही कांहीं फार गोड स्वभावाचा नव्हता. तो तोडून बोले, लवकर रागावे, आणि कोणीं आपल्याला कमी लेखलें असें वाटलें तर तें विसरत नसे. पण त्यानें एक गोष्ट केली. जग आपल्याकडे टक लावून पाहतें, तर आपणही जगाकडे पाहावें, आणि त्याहून नीट पाहावें, असा जणूं त्यानें निश्चय केला.

त्याला पहिली मोठी कीर्ति एका पुस्तकानें मिळवून दिली. फ्रांत्स कुग्लर नांवाच्या इतिहासकारानें प्रशियाचा राजा फ्रेडरिक दि ग्रेट याचें चरित्र लिहिलें, आणि त्यांतील चित्रांचें काम तरुण मेंत्सेलकडे आलें. 1839 पासून 1842 पर्यंत खपून त्यानें सुमारें 400 चित्रें तयार केलीं. फ्रेडरिकला मरून पन्नासांहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. तरी मेंत्सेलनें एकही चित्र केवळ कल्पनेनें काढिलें नाहीं. जुने गणवेष, तलवारी, खुर्च्या, दिवे, घोड्यांचे साज, इतकेंच काय पण कोटाच्या गुंड्यासुद्धां त्यानें जेथें मिळतील तेथें जाऊन प्रत्यक्ष पाहिल्या. हीं चित्रें लांकडाच्या ठशांवरून छापावयाचीं होतीं. ठसे कोरणारे कारागीर आपल्या सोयीनें रेघा बदलीत, तें त्याला खपत नसे. तो त्यांना पुन्हां पुन्हां कोरावयास लावी. त्याच्या या हट्टामुळें बर्लिनमधील लांकडावरील कोरीव काम पुढें फार सुधारलें.

याच सुमारास, कोणीं न सांगतां, कोणाला विकण्याचा हेतु न ठेवतां, तो दुसऱ्याही प्रकारचीं चित्रें काढीत होता. सज्जाच्या दारावरचा पडदा वाऱ्यानें हलत आहे आणि खोलींत कोणीही नाहीं, असें एक चित्र 1845 मधलें आहे. त्यांत राजा नाहीं, लढाई नाहीं. दोन खुर्च्या, एक आरसा आणि फरशीवर पडलेलें ऊन, एवढेंच. 1847 मध्यें त्यानें बर्लिनहून पॉट्सडामला जाणारी आगगाडी रंगविली. त्याच वर्षीं दिव्याच्या उजेडांत दाराशीं उभी असलेली आपली बहीण एमिली हिचेंही चित्र काढिलें. रात्रीं निजून उठल्यावर जशीच्या तशी पडलेली गादी, उशा व पांघरूण यांचें त्याचें एक रेखाटन तर आज सर्व जगांत नांवाजलेलें आहे. हीं रंगीत चित्रें त्यानें पुष्कळ वर्षें आपल्याजवळच ठेविलीं. तो म्हातारा झाला तेव्हां कोठें लोकांना तीं दिसूं लागलीं, आणि आतां त्याच्या दरबारी चित्रांहूनही जाणते लोक त्यांस अधिक मान देतात.

1848 च्या मार्च महिन्यांत बर्लिनमध्यें राजाचें सैन्य आणि नागरिक यांची रस्त्यांत चकमक होऊन पुष्कळ माणसें ठार झालीं. ता. 22 मार्च रोजीं मृतांच्या शवपेट्या शहरांतील एका चौकांत, चर्चच्या पायऱ्यांवर, लोकांच्या दर्शनासाठीं रचून ठेविल्या होत्या. त्या गर्दींत मेंत्सेल वही घेऊन उभा होता. पुढें त्यानें त्या देखाव्याचें तैलचित्र आरंभिलें. पुढें येणारे, मागें वळणारे, आपसांत कुजबुजणारे, टोपी हातांत घेऊन उभे राहिलेले, असे अनेक लोक त्यांत आहेत. आणि शवपेट्या दूर, काळ्या ढिगासारख्या. परंतु त्या वर्षाच्या अखेरपर्यंत जनतेच्या आशा विरून गेल्या, आणि तें चित्र मेंत्सेलच्या हातून पुरें झालें नाहीं. चित्राचा एक कोपरा अजून तसाच कोरा दिसतो. तें आज हाम्बुर्ग येथील संग्रहालयांत आहे. खोटा शेवट जोडण्यापेक्षां अपुरें ठेवलेलें तें काम आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतें.

आतां त्याच्या नित्यक्रमाकडे वळूं. मेंत्सेलचा एक कोट प्रसिद्ध होता. त्याला आठ खिसे होते, आणि त्यांतून लहानमोठ्या आकाराच्या वह्या भरलेल्या असत. पेन्सिल तो सुतार वापरतात तशी, रुंद व मऊ शिशाची घेई. तिच्या धारेनें बारीक रेघ येई आणि आडवी धरली कीं जाड छाया पडे. ती छाया तो कागदाच्या सुरळीनें घोटून मऊ करी. तो जन्मतः डावखोरा होता. परंतु उजवा हातही त्यानें अभ्यासानें तयार केला. रेखाटन बहुधा डाव्या हातानें आणि तैलरंगाचें काम उजव्या हातानें, असा त्याचा परिपाठ होता. एक हात दुसऱ्याचें चित्र काढीत आहे, अशींही त्याचीं चित्रें आहेत. म्हातारपणीं दुसरें कांहीं समोर नसलें तर तो स्वतःचें पाऊल रंगवी.

तो सायंकाळपर्यंत चित्रशाळेंत काम करी, आणि मग रात्रीं उशिरां बर्लिनच्या पॉट्सडाम चौकाच्या बाजूस जेवावयास जाई. तेथें योस्टी नांवाचें कॉफीगृह होतें, आणि जवळच फ्रेडरिख याची खाणावळ होती. या ठिकाणच्या ठराविक जागेवर बसलेला तो ठेंगणा म्हातारा साऱ्या शहराच्या ओळखीचा झाला होता. जेवण येईपर्यंत वही बाहेर निघे. वर्तमानपत्रांत नाक खुपसलेला गृहस्थ, पेला रिकामा करण्यासाठीं मान मागें टाकलेला मनुष्य, हातमोजा काढणारी बाई, भिंतीला टेकून डुलक्या घेणारा वाढपी, हीं सर्व त्याच्या वहींत जात. कोणी त्याच्यासमोर मुद्दाम बसत नसे, म्हणून कोणाचा चेहरा बनावट नसे. मनुष्य आपल्याला कोणी पाहत नाहीं असें समजून जेव्हां काट्यानें मटणाचा तुकडा टोंचतो, तेव्हां तो जसा असतो तसा दिसतो. उन्हाळ्यांत किसिंगेन या औषधी झऱ्यांच्या गांवीं गेला तरी हाच क्रम. 1867 मध्यें पॅरिसचें जागतिक प्रदर्शन पाहावयास गेला, तेव्हांही त्यानें तेथील उपाहारगृहांतील गर्दीचें चित्र काढिलें. किसिंगेनमधील एका पाववाल्याच्या दुकानीं सकाळीं न्याहारीसाठीं उडालेली झुंबड त्यानें 1893 मध्यें, म्हणजे वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षीं, रंगविली.

याविषयीं एक आख्यायिका सांगतात. एके दिवशीं अशाच एका ठिकाणीं एक बाई व तिच्या बरोबरचे पुरुष मेंत्सेलचें ठेंगणेपण पाहून आपसांत हंसूं लागले. मेंत्सेलनें वही काढिली, बाईकडे एकदां रोखून पाहिलें, आणि तो रेखाटूं लागला. पुन्हां पाहिलें, पुन्हां रेखाटलें. बाई अस्वस्थ झाली. शेवटीं तिच्या बरोबरचा एक गृहस्थ तावातावानें उठून आला, आणि परवानगीवांचून या बाईंचें चित्र काढण्याचा आपल्याला कांहीं अधिकार नाहीं, असें त्यानें बजाविलें. मेंत्सेलनें शांतपणें वही त्याच्यापुढें केली. कागदावर एक पोसलेली हंसी होती.

गोष्टीनें हंसूं येतें. पण तिच्यांत एक प्रश्न आहे, आणि तो सुज्ञ पालकांच्या मनांत येथवर आला असेलच. परक्या मनुष्याकडे असें पाहणें शिष्टसंमत आहे काय? आम्हीच ना मुलांस सांगतों कीं कोणाकडे टक लावून पाहूं नये? आमच्या मतें दोन प्रकारचें पाहणें वेगळें करावयास पाहिजे. त्या बाईनें मेंत्सेलकडे पाहिलें तें करमणुकीसाठीं; तिला त्याच्यांत फक्त उंचीच दिसली, आणि दुसरें कांहीं पाहण्याची तिला गरज भासली नाहीं. मेंत्सेल झोंपलेल्या वाढप्याकडे पाही, तेव्हां त्याच्या दुखऱ्या पायांवर शरीराचा भार कसा पडला आहे, हें समजून घेण्यासाठीं पाही. पहिल्या पाहण्यानें मनुष्य लहान होतो; दुसऱ्यानें तो होता तेवढाच राहतो, पण आपल्याला पूर्वींपेक्षां अधिक कळतो. मेंत्सेलच्या वह्यांत थट्टा क्वचित् आहे. बहुतेक पानांवर नुसती माणसें आहेत: वाकलेलीं, थकलेलीं, खाणारीं, वाट पाहणारीं.

हें पाहणें नेहमीं सुखाचें नव्हतें. 1866 मध्यें प्रशिया व ऑस्ट्रिया यांचें युद्ध झालें. मेंत्सेलनें तोंवर फ्रेडरिकच्या लढायांचीं चित्रें काढून नांव मिळविलें होतें. पण प्रत्यक्ष युद्ध त्यानें कधीं पाहिलें नव्हतें. पन्नास वर्षांचा हा मनुष्य आपण होऊन बोहेमियांत गेला. रणभूमीच्या मागें ज्या कोठारांत जखमी व मृत शिपाई ठेविले होते तेथें तो गेला, आणि गवतावर पडलेल्या मृत तरुणांचीं चित्रें त्यानें काढिलीं. त्यांत झेंडा नाहीं, विजय नाहीं. उघडें पडलेलें तोंड आणि अनवाणी पाय आहेत. यानंतर त्यानें लढाईचें भव्य चित्र रंगविलें नाहीं. जें डोळ्यांनीं पाहिलें त्यापुढें जें कल्पिलें होतें तें त्याला टिकवितां आलें नसावें.

त्याचें सर्वांत थोर चित्र याच्या पुढचें. 1872 मध्यें तो वरच्या सायलीशियांतील क्योनिग्सह्युट येथील लोखंडाच्या कारखान्यांत गेला. हें गांवही आतां पोलंडांत आहे. तेथें तापलेलें लोखंड रुळांखालून काढून रेल्वेच्या पट्ट्या तयार करीत. धगधगणारें लोखंड, फिरणारीं चाकें आणि घाईंत असलेले मजूर यांच्यामध्यें उभें राहून त्यानें दिवसच्या दिवस रेखाटनें केलीं. शंभरांहून अधिक अभ्यासचित्रें जमविल्यानंतर 1875 मध्यें तें मोठें चित्र पुरें झालें. मध्यभागीं कामगार चिमट्यांनीं लाल लोखंड यंत्रांत सारीत आहेत. डावीकडे पाळी संपलेले मजूर अंग धूत आहेत. उजव्या कोपऱ्यांत कांहीं जण आडोशाला बसून घाईनें जेवत आहेत, आणि डबा घेऊन आलेली एक तरुण स्त्री चित्रांतून बाहेर, थेट आपल्याकडे, पाहत आहे. कारखान्याचा अधिकारी दूर मागें, इतका लहान आहे कीं शोधावा लागतो. ज्या चित्रकारानें राजाच्या राज्यारोहणाच्या चित्रांत शंभराहून अधिक दरबारी लोकांचे चेहरे एकेक करून रंगविले, त्यानेंच तितक्याच काळजीनें या मजुरांचे चेहरे रंगविले. कामगारांना इतकें मोठें स्थान देणारीं चित्रें त्या काळीं जर्मनींत फार थोडीं होतीं.

दरबारांतही त्याचा डोळा तोच राहिला. 1878 मधील त्याच्या एका चित्रांत राजवाड्यांतील मेजवानी आहे. झुंबरें, हिरे, रेशीम सर्व कांहीं आहे. पण पुढें एक लष्करी अधिकारी टोपी गुडघ्यांत धरून उभ्याउभ्यानें बशी, पेला, सुरी व काटा एकाच वेळीं सांवरूं पाहत आहे. खाणावळींतला मनुष्य आणि राजवाड्यांतला मनुष्य भुकेच्या वेळीं किती सारखे! फ्रान्समधील विख्यात चित्रकार देगा याला हें चित्र इतकें आवडलें कीं त्यानें स्वतः त्याची एक नक्कल केली.

उत्तरायुष्यांत मानमरातब चालून आले. बर्लिन व ब्रेस्लाव या शहरांनीं त्याला सन्मान्य नागरिक केलें. 1898 मध्यें प्रशियाचा सर्वोच्च किताब त्याला मिळाला. चित्रकाराला तो त्यापूर्वीं कधीं मिळाला नव्हता. ता. 9 फेब्रुवारी 1905 रोजीं वयाच्या नव्वदाव्या वर्षांत तो बर्लिन येथें वारला, आणि त्याच्या शवपेटीमागून खुद्द कैसर चालत गेला. रस्त्यांतील पोरें ज्याला हंसत, त्याच्या अंत्ययात्रेस सारें शहर लोटलें.

परंतु चरित्र येथेंच संपविलें तर तें खरें होणार नाहीं. मेंत्सेलनें लग्न केलें नाहीं. बहीण एमिली हिचें लग्न झाल्यावर तो तिच्या व तिच्या पतीच्या बिऱ्हाडींच राहिला. तिचीं मुलें हाच त्याचा संसार. त्याच्या मृत्युपत्रांत त्यानें स्वतःविषयीं असें नमूद करून ठेविलें आहे कीं आपण स्वतः जोडलेला असा कोणताही धागा आपल्यामध्यें व बाहेरच्या जगामध्यें नाहीं. सर्व आयुष्य ज्यानें माणसें पाहण्यांत घालविलें, त्याचे हे शब्द वाचून मन उदास होतें. त्यानें हजारों चेहरे टिपले. त्यांपैकीं किती जणांनीं त्याच्या टेबलाशीं येऊन बसण्याचा विचार केला असेल? त्याचा स्वभाव तिखट होता हें खरें. पण ज्याला लहानपणापासून लोकांच्या हंसण्याची ढाल करावी लागली, त्याच्या तिखटपणाचा दोष एकट्या त्याच्याच पदरीं घालतां यावयाचा नाहीं. आपल्या वर्गांत, आपल्या आळींत, असा कोणी बाजूला बसलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर हें चरित्र वाचणाऱ्यानें त्याची आठवण करावी, अशी आमची विनंति आहे.

मेंत्सेलचीं सुमारें 6000 रेखाटनें आज बर्लिनच्या सरकारी संग्रहांत जपून ठेविलीं आहेत. त्यांतील बहुतेक माणसांचीं नांवें कोणालाही ठाऊक नाहींत. तो पेला उचलणारा कोण, ती हातमोजा काढणारी कोण, हें आतां कधींच कळावयाचें नाहीं. तरी तीं माणसें होतीं, त्यांची मान अशी वळत असे, त्यांच्या कोटाला अशी सुरकुती पडत असे, एवढें मात्र राहिलें. तें एका मनुष्यानें खिशांतून वही काढण्याचा कंटाळा केला नाहीं म्हणून राहिलें.

विद्यार्थी मित्रहो, सगळ्यांना मेंत्सेलसारखी चित्रकला साधेल असें नाहीं, आणि आठ खिशांचा कोटही कोणी शिवून देणार नाहीं. पण एक लहान वही व पेन्सिलीचा तुकडा सर्वांना मिळण्यासारखा आहे. चित्र न साधल्यास चार शब्द लिहावे. संध्याकाळीं घरीं गेल्यावर, आई दळणाचा डबा उचलतांना कोणता हात कमरेवर ठेवते, तें पाहावें. जें पाहूं तें चित्रांत उतरेलच असें नाहीं. पण एकदां नीट पाहिल्यावर तो डबा तिला एकटीला उचलूं देववणार नाहीं, एवढें आम्ही खात्रीनें सांगूं शकतों.